पेटीत माईक बसवलाय, पण देवळातल्या अँप्लिफायरवर आवाजच निघत नाही

हरिपाठवाला:
नमस्कार मंडळी, आमच्या भजनी मंडळाच्या पेटीत दुरुस्तीवाल्याकडून आतून माईक बसवून घेतला, दोन छोटे कंडेन्सर कॅप्सूल (म्हणजे बारके माईकच), एक प्रिअँप (माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट), ९ व्होल्टची बॅटरी आणि मागं जॅक. त्याच्या दुकानात मस्त वाजली. आता सप्ताह चार दिवसांवर आलाय आणि देवळात लावली तर अँप्लिफायरच्या ऑक्समध्ये (मोठा सिग्नल घेणारं सॉकेट) डास गुणगुणल्यासारखा आवाज, माईकच्या सॉकेटात घालून व्हॉल्यूम वाढवला की आधी घुंऽऽ आणि मग शिट्टी. बॅटरी नवीकोरी आहे. अँप्लिफायर बदलायचा का पेटी परत न्यायची?

साउंडवाला बार्शी:
दोन्ही नको, आधी कॉड बघा. पिनेवर काळ्या रिंगा किती, एक का दोन? असल्या प्रिअँपला बऱ्याचदा वेगळं बटण नसतं, पेटीतलं सॉकेट स्टिरिओ असतं आणि मोनो पिन आत गेली की बॅटरीची मायनस वायर अर्थला जुळते, तेच त्याचं बटण. दोन रिंगांची स्टिरिओ पिन घातली की ते जुळत नाही, म्हणजे प्रिअँप झोपलेलाच आणि तुम्ही व्हॉल्यूम वाढवत बसलाय.

काळी दोन:
मी तर म्हणतो आतला माईक काढूनच टाका. बाहेर स्टँडवर चांगला माईक लावला की पेटीचा खरा गोडवा येतो, आतून भात्याची हवा न् काय काय ऐकू येतं.

साउंडवाला बार्शी:
काळी दोन, बैठकीत चालेल हो ते, सप्ताहात शेजारी पंधरा टाळकरी आणि पखवाज असतो, तिथं बाहेरचा माईक पेटी सोडून टाळच उचलतो 😀
हरिपाठवाले, प्रिअँप चालू झाला की पिन ऑक्समध्येच घाला. नुसत्या माईकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो म्हणून तो माईकच्या सॉकेटात, पण प्रिअँपमधून मोठा झालेला तिथं घातला तर आवाज फाटतो. आणि मंडपवाल्याचा मिक्सर आला तर त्या चॅनेलचं ४८ व्होल्ट फँटम (मिक्सर केबलमधून माईकला देतो तो पुरवठा) बंद आहे ना ते बघून घ्या, ते सर्किट त्यासाठी बनवलेलं नसेल तर उडू शकतं.

हरिपाठवाला:
दोन रिंगा!! भाच्याच्या कीबोर्डची कॉड उचलून नेली होती मी. आत्ता मोनो कॉड आणून ऑक्सला लावली, निम्म्यावरच देऊळ भरलं, शिट्टी नाही काही नाही. फक्त पट्टी दाबली की खटखट येते हो, ती कशी घालवायची?

साउंडवाला बार्शी:
कॅप्सूल लाकडाला घट्ट चिकटवलेत बहुतेक, लाकडाची धडधड सरळ आत जाते. खाली बोटभर जाड स्पंज लावायला सांगा, आणि अँप्लिफायरचा बास थोडा उतरवा. जरा राहीलच, पण टाळ सुरू झाल्यावर कोणाला कळत नाही. भजन संपल्यावर पिन मात्र आठवणीनं उपसा, नाहीतर बॅटरी रात्रभर चालूच, काल्याच्या कीर्तनाला पेटी मुकी.

काळी दोन:
हे पिनेचं मलापण माहीत नव्हतं. माझ्या पेटीची बॅटरी दर महिन्याला का बसते ते आत्ता कळलं.