रुग्णालयातला आकडा म्हणजे प्रमाण नव्हे

पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात पाठीवर गाठ असलेली बाळं (गर्भात मज्जारज्जूची नळी नीट न मिटल्याने होणारा जन्मदोष, स्पायना बिफिडा) जास्त दिसतात, म्हणून हा दोष वाढतोय, असं काही जण म्हणतात. तसं ठरवता येत नाही. ससूनसारख्या ठिकाणी जिल्ह्याबाहेरूनही बाळं पाठवली जातात, मग भागायचं कुठल्या जन्मसंख्येने? ठरावीक भागातले सगळे जन्म धरा. मृतजन्म आणि सोनोग्राफीत दोष दिसल्यावर झालेले गर्भपातही मोजा, नाहीतर सोनोग्राफी वाढली की दोष घटल्याचा भास होतो.

गाठीचं खरं दुखणं तारखांचं आहे. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवून मिळालेली फॉलिक ॲसिडची गोळी इथे कामाची नाही (रक्तवाढीसाठी घ्याच). रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून ते गरोदरपणाचे पहिले तीन महिने. दुकानात सहसा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते, ती साडेबारापट. तेवढा डोस आधीचं बाळ असं झालेल्यांना, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर या दोषाचा धोका वाढतो, म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला. फिटची गोळी परस्पर बंद करू नका. केसपेपरवर अशी औषधं आणि फॉलिक ॲसिडची गोळी सुरू केल्याची तारीख लिहिलेली नसेल, तर कारणं शोधणार कशावरून?