मदत हवी आहे: प्रोटोटाइप ठीक, मोल्डच्या (साच्याच्या) पहिल्या ट्रायलला सिंक मार्क (पृष्ठभागावरचे खड्डे) आणि तुटणाऱ्या क्लिपा

शेतपंपाच्या कंट्रोलरचा एबीएस प्लास्टिकचा खोका आहे, १४० × ९० × ४५ मि.मी. भिंत २.५, आतल्या रिबाही (आधाराच्या उभ्या पट्ट्या) २.५. झाकणाला आतून पीसीबीसाठी (सर्किट बोर्ड) ४ बॉस, म्हणजे स्क्रूसाठीचे खांब (बाहेरचा व्यास ८, भोक २.४, स्क्रू ३ मि.मी.चा). भोक झाकणाच्या भिंतीच्या आतल्या पृष्ठभागापासून ४ मि.मी. वर थांबतं. झाकणाच्या चार क्लिपा: लांबी ८, जाडी २, आकडा (टोकाचा हूक) १.५, मुळाशी कोपरा तीक्ष्ण. थ्रीडी प्रिंटचे ५ नग व्यवस्थित बसले होते. ट्रायलमध्ये बॉसच्या मागे दर्शनी बाजूला खड्डे दिसतात आणि १० झाकणांपैकी ४ ची एखादी तरी क्लिप मुळाशी तडकते. टूलरूम (मोल्ड बनवणारे) म्हणते होल्डिंग प्रेशर (साचा भरल्यावर प्लास्टिकवर धरून ठेवलेला दाब) वाढवा. २००० नगांची पहिली लॉट थांबवावी का? मोल्डमध्ये कमीत कमी खर्चात काय बदलता येईल?

प्रतिसाद : साचेघर

लॉट थांबवा. प्रेशर वाढवून हे सुटणार नाही. गेट (प्लास्टिक साच्यात शिरण्याचं तोंड) गोठल्यावर होल्डिंगचा उपयोग संपतो, त्याआधी जास्त दाबलं तर फ्लॅश (सांध्यातून बाहेर आलेलं पातळ प्लास्टिक) येतो आणि नगात ताण अडकून राहतो. गेट कधी गोठतं ते आधी पाहा: होल्डिंगचा वेळ अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने वाढवत नग वजन करा, वजन वाढायचं थांबलं की तो वेळ. त्याहून कमी वेळ चालू असेल तर तेवढं दुरुस्त करा. प्लास्टिकचे दाणे ८० अंशांवर २ ते ४ तास सुकवलेत ना?

खरं कारण जाडी आहे. बॉसच्या मुळाशी २.५ अधिक ४, म्हणजे साडेसहा मि.मी. भरीव प्लास्टिक. ते उशिरा गार होतं आणि आकसताना दर्शनी कातडी आत ओढतं. प्रिंटमध्ये प्लास्टिक थराथराने चढतं, त्यामुळे हा दोष तिथे दिसतच नाही. प्रिंट जुळणी तपासतो, मोल्डिंग नाही.

प्रतिसाद : कोअरपिन

खर्चाचा हिशेब एका नियमावर चालतो: नगात प्लास्टिक वाढवायचं तर मोल्डचं पोलाद कापायचं, ते स्वस्त. प्लास्टिक कमी करायचं तर पोलाद भरायचं, म्हणजे वेल्डिंग किंवा इन्सर्ट (मोल्डमध्ये बसवायचा वेगळा पोलादी तुकडा). म्हणून पुढच्या वेळी रिब आणि बॉस मुद्दाम बारीक ठेवून ट्रायल घ्या, नंतर जाड करता येतात.

इथे बॉससाठी सगळ्यात सोपा उपाय कोअर पिन (मोल्डमधली भोक पाडणारी पिन) लांब करणं. नवी पिन अशी द्या की भोकाच्या तळाशी भिंत धरून १.८ मि.मी.च उरेल. वेल्डिंग नाही, फक्त ४ पिना. तरी हलका खड्डा राहिला, तर बॉसभोवती इन्सर्ट बसवून बाहेरचा व्यास ६ वर आणा. रिबांच्या मागेही दिसत असेल तर त्या भिंतीच्या ५० ते ६० टक्के हव्यात, म्हणजे १.२५ ते १.५.

क्लिपचं गणित सरळ आहे. ताणलं जाण्याचं प्रमाण (स्ट्रेन) = १.५ × जाडी × आकडा ÷ लांबीचा वर्ग. तुमचं: ४.५ ÷ ६४, म्हणजे ७ टक्के. एबीएसला हे फार झालं, २ टक्क्यांच्या आसपास ठेवा. लांबी १५ केली तर ४.५ ÷ २२५, बरोबर २ टक्के. खोक्याची उंची ४५ आहे, जागा आहे. मुळाशी १ मि.मी. त्रिज्या द्या. दोन्हींसाठी पोलाद कापायचंच आहे. पण आकडा ७ मि.मी. खाली सरकतो, तेव्हा लिफ्टर (आकडा सोडवणारा मोल्डचा सरकता भाग) आणि खालच्या भागातली आकडा अडकण्याची खिडकी सोबतच बदला, नाहीतर झाकण लागणारच नाही.

धागाकर्ता

आभारी आहे, पिना आणि क्लिपा दोन्ही करतो. टेक्स्चर (मोल्डच्या दर्शनी पृष्ठभागावरची खरखरीत नक्षी) कधी?

प्रतिसाद : साचेघर

शेवटी. टेक्स्चर झाल्यावर वेल्डिंग केलं तर डाग उमटतो. आधी मशीन स्थिर झाल्यावरचे ५० नग घ्या, ते एक दिवस ठेवा, मग पीसीबी घालून प्रत्येक झाकण १० वेळा उघडा-मिटा. एकही तडा नको. मगच टेक्स्चर, त्यानंतर २००० ऐवजी आधी २०० ची लॉट.