मोठा बोकड आणला की कळप मोठा होतो म्हणे!

माळरान_सांगोला
परवा इथं एकानं टाकलं होतं, "उस्मानाबादी शेळी ही खुरटलेली जात आहे, दांडग्या परदेशी बोअर जातीचा बोकड लावा आणि दोन वर्षांत कळपाचं वजन डबल करा." खाली अंगठ्यांचा पाऊस. वाचून डोकं फिरलं म्हणून लांबच लिहितोय, कंटाळा आला तर पुढं जा.

उंची-वजन हे एका जीनचं, म्हणजे जनुकाचं, काम नाही हो. 2018 साली 17 गटांतल्या 58,265 गाईबैलांचा अभ्यास छापून आला, त्यात नुसत्या उंचीसाठी डीएनएवर 163 जागा सापडल्या, आणि त्या सगळ्या मिळूनही फरकातला थोडाच भाग समजला. प्लॅग-वनसारखा एखादा जीन जरा जास्त जोर लावतो, बाकी सगळी चिल्लर. अर्धी बापाकडून, अर्धी आईकडून, आणि कुठली अर्धी येईल ते तुमच्या हातात नाही. पहिल्या क्रॉसची करडं टणटणीत दिसतात, मान्य, पण त्यात संकराचा जोर असतो, म्हणजे दोन जाती मिसळल्यानं पहिल्या पिढीला मिळणारी जादा वाढ. तीच पिलावळ पुढं आपसात लावली की तो जोर निम्म्यावर येतो आणि दावणीला एक घोडा, एक उंदीर. मग म्हणायचं बोकडवाल्यानं फसवलं.

आणि आईचं काय? 1938 साली केंब्रिजला वॉल्टन आणि हॅमंड यांनी दांडग्या शायर घोड्यांचा आणि बुटक्या शेटलंड तट्टांचा दोन्ही बाजूंनी क्रॉस केला. शायर घोडीच्या पोटचं शिंगरू जन्मताना शेटलंडच्या पोटच्यापेक्षा जवळपास तिप्पट भरलं. रक्त तेच, पोट वेगळं.

राहिलं खाणं. तीस किलोच्या शेळीला दिवसाला किलो-सव्वा किलो सुका चारा लागतो, सत्तर किलोच्या धुडाला दुपटीच्या वर. सांगोल्यात उन्हाळ्यात तो कुठून आणणार? 2019 च्या दुष्काळातल्या चारा छावण्या विसरलात काय?

बोअरवाला_मोहोळ
ती पोस्ट माझीच होती, नाव घ्यायला लाज वाटली का भाऊ? तुमचे 163 अन् 58 हजार बाजारात कुणी विचारत नाही. माझ्याकडं उस्मानाबादी शेळीला बोअरपासून झालेला बोकड सव्वा वर्षात 52 किलो भरलाय, काट्यावर. शेजाऱ्याचा शुद्ध उस्मानाबादी त्याच वयाचा 31. ईदला जिवंत वजनावर गेला, रोख. आता सांगा जीन मोजू का नोटा मोजू?

माळरान_सांगोला
शेजारी त्याच्या बोकडाला काय घालतो? आणि तुम्ही काय घालता? भरडा, पेंड, मेथीघास, हिशोब टाका की. त्याला फक्त बाभळीच्या शेंगा अन् बांधावरचा पाला मिळत असेल तर ही तुलना जातीची नाही, गव्हाणीची आहे.

बोअरवाला_मोहोळ
घालतो, मग? खाऊन वाढलं तरी जात लागतेच की वाढायला.

करमाळ्याची_शेळीताई
दोघांनी भांडा, पण बायकांच्या हातात दोर असतो हे विसरू नका. माझ्या सासूनं असलाच बोकड आणून पहिलारू पाटीला, म्हणजे पहिल्यांदाच विणाऱ्या तरण्या शेळीला, लावला, एकच करडू, डोकं हे एवढं. रात्री विताना अडली, डॉक्टर येईपर्यंत पाट गेली, करडूपण गेलं. तेव्हापासून आमच्यात पाट पहिल्या वेताला उस्मानाबादीच. मोठं पाहिजे तर तिसऱ्या वेतातल्या भरदार शेळीला लावा.

बोअरवाला_मोहोळ
ताई वाईट झालं. पण वरचे भाऊ म्हणतात पोट लहान असलं की पिल्लू लहानच होतं, मग अडलं कसं? त्यांनाच विचारा, घोडा खरा का पाट खरी.

पशुवैद्य_बार्शी
दोन्ही खरं. आईचं पोट वाढ रोखतं पण शून्यावर आणत नाही, त्यात पहिलारू, लहान वयाची, एकच करडू आणि शेवटच्या महिन्यात खुराक जास्त, म्हणजे अडणार. जुळं असेल तर वजन वाटलं जातं, म्हणून उस्मानाबादी सुखानं विते. आणि माळरान, तुम्ही एक सोडलंत, सगळंच चिल्लर नसतं. कुत्र्यात आयजीएफ-वन नावाच्या एका जीनचा बारक्या जातींत मोठा हात आहे, 2007 लाच कळलंय.

माळरान_सांगोला
कुत्रं मटणाला विकायचं नाही डॉक्टर. पण बरं, एक जीन कुठं चालतो ते सांगतो. फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जीन आपल्या दख्खनी मेंढीत आणला. तो एकच जीन, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवता आला, तपासून बघता आला. वजनाचं असं धरून ठेवायला काय आहे?

काजळी_खिल्लार
शेळ्यांवरच अडकलाय राव सगळे. आकाराची माती बघायची तर आमच्या खिल्लारकडं बघा. आटपाडीच्या यात्रेत पूर्वी बैल बघायचे ते काय छाती, काय वशिंड, आता शर्यतवाल्यांना हलकं, लांब पायाचं, पोट आत गेलेलं खोंड पाहिजे. जू धरणारा बैल राहिलाच नाही.

पळता_घाट
झालं सुरू! शर्यत परत सुरू झाली नसती तर खिल्लार 2014 च्या बंदीनंतर संपलंच असतं. सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतीवर बंदी घातली तेव्हा खोंडाला कुणी विचारत नव्हतं, डिसेंबर 2021 ला परवानगी आली आणि भाव परत चढले. 2023 ला घटनापीठानंपण मान्य केलं. जात शर्यतवाल्यांनी वाचवली, तुमच्या छातीनं नाही.

काजळी_खिल्लार
खोंड वाचवलं. गाय कुठाय? दोन-अडीच लिटर दूध देणारी खिल्लार गाय शर्यतवाला पाळतो का? तो गायवाल्याकडून खोंड उचलतो आणि गायवाला पुढच्या वर्षी जर्सी भरवतो. देशी गाय राज्यमाता म्हणून 2024 ला सरकारी कागद निघाला, आमच्या गोठ्यात त्याचा काय उपयोग झाला सांगा.

पळता_घाट
मग तुम्ही पाळा ना गाय. नुसती यात्रेची आठवण काढून जात टिकत नाही.

काजळी_खिल्लार
पाळतोय! तीन खिल्लार गाई दावणीला आहेत, या एकदा मंगळवेढ्याला, मग बोला. वडिलांच्या वेळी वळू गावाचा असायचा, चार गावांनी बघून, चालवून, नांगराला लावून ठरवलेला. आता वळू म्हणजे कुठल्या घाटात किती सेकंदात पळाला तेवढंच. त्याच्या आईला दूध होतं का, त्याच्या खुराला खडक सोसतो का, कुणी विचारत नाही. एकाच पळणाऱ्याची रेतं सगळ्या तालुक्यात, पुढं सगळे एकमेकांचे भाऊ.

पशुवैद्य_बार्शी
हे मात्र शेळीवाल्यांनीपण वाचावं. फॅशनच्या मागं लागून आकार निवडला की काय होतं ते अमेरिकेत झालंय. 1940-50 च्या काळात हेरफर्ड या मांसासाठीच्या गाईबैलांच्या जातीत बुटके, गोळीबंद वळू बक्षिसं मारायचे, त्यातून खुजेपणाचा छुपा जीन घराघरात गेला आणि धापा टाकणारी खुजी वासरं जन्मायला लागली. मग सगळे घाबरून उलट्या टोकाला, 70-80 च्या दशकात उंटासारखे उंच वळू. आणि आता तिकडं होल्स्टीन या दुधाळ जातीची पैदास निवडायच्या नेट मेरिट निर्देशांकात गाईच्या जास्त वजनाला उणे मार्क आहेत, कारण मोठी गाय खाते जास्त.

करमाळ्याची_शेळीताई
डॉक्टर, पुंगनूरचं पण सांगा. पंतप्रधानांचा 2024 च्या संक्रांतीचा त्या बुटक्या गाईंबरोबरचा फोटो आल्यापासून आमच्या भावाला बंगल्यात बुटकी गाय पाहिजे झालीय.

पशुवैद्य_बार्शी
घ्या, पण आई-बाप दोन्ही बघून घ्या. पुंगनूर ही आंध्रची खरी लहान जात आहे, पण मागणी वाढली की कुणी कशाचंही बारकं वासरू खपवतं. परदेशात डेक्स्टर जातीत एका जीननं गाय बुटकी होते, आई-बाप दोघांतही तो जीन असेल तर सरासरी चारात एक वासरू मेलेलंच जन्मतं. बुटकं म्हणजे नेहमी जातिवंत असं नाही.

बोअरवाला_मोहोळ
गाय, कुत्रं, घोडा सगळं झालं. माझा मुद्दा तिथंच आहे, क्रॉस विकून मला पैसे मिळाले.

माळरान_सांगोला
मिळाले, नाही कोण म्हणतंय. पहिला क्रॉस कापायला विका, पाट मात्र कळपात ठेवू नका, एवढंच म्हणतोय. आणि आपल्याच उस्मानाबादीत वजन करून बघा, एकाच वेताची, एकाच गव्हाणीची करडं तीन महिन्यांना सरस-नीरस निघतात. जुळ्यातलं आणि एकटं वेगळं धरून सरस बोकड राखा, दर पिढीला. आजवर सरस बोकड ईदला आधी गेला आणि मागं राहिलेला मरतुकडा पैदाशीला, मग जात खुरटणार नाही तर काय होणार?

बोअरवाला_मोहोळ
म्हणजे खुरटलीय हे मान्य केलंत एकदाचं! हेच तर मी परवा लिहिलं होतं. बरं, पाट विकतो, तुमच्या समाधानासाठी. बोअरचा पैदाशीचा बोकड विकणार नाही. काटा कुठल्या कंपनीचा घेतलाय तेवढं सांगा, माझा दीड किलो इकडंतिकडं दाखवतो.

पळता_घाट
दीड किलोचा फरक घेऊन 52 चा दाखला दिला होय ओ?

काजळी_खिल्लार
त्यांचं सोडा, तुम्ही माझ्या गाईचं उत्तर द्या आधी.