मदत हवी आहे: जादा ओढलेला पत्ता परत कुठं ठेवायचा?

मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्या जाणकारांनो, जरा सांगा. रविवारी राजारामपुरीत मित्राकडं आमची आठ जणांची स्पर्धा होती आणि जज म्हणून मलाच बसवलेलं. एकानं दोनऐवजी तीन पत्ते ओढले. नवीन स्लीव्ह (पत्त्यांवरची प्लास्टिकची कव्हरं) चिकटतात ओ! तिसरा हातात मिसळला, कुठला ते कुणालाच कळेना. कॉम्पिटिटिव्ह, म्हणजे स्पर्धेच्या कडक नियमानं मी त्याला हातातले पत्ते उघडे करायला लावले, समोरच्यानं एक पत्ता निवडला, वर वॉर्निंग दिली. इथवर बरोबर ना?

पुढं मी तो पत्ता त्याच्या डेकच्या, म्हणजे गड्डीच्या वर ठेवला आणि जी जुंपली, मिसळ थंड झाली. एकजण म्हणतो, डेकमध्ये पिसायचा. पण जादा पत्ता ओढणाऱ्यानं आधीच स्क्राय करून, म्हणजे डेकचे वरचे पत्ते बघून, दोन पत्ते तळाला लावलेले. मग पिसताना ते बाजूला काढायचे का?