ढोलीत तीन वर्षे राहिलेले दोन भाऊ: पोखरलेले झाड एवढे टिकते कसे?

प्रश्न:
राधानगरी तालुक्यातील आमच्या शेताच्या बांधावर आजोबांच्याही आधीचा एक रायवळ आंबा आहे. त्याच्या बुंध्यात एवढी मोठी ढोली आहे की, वळिवाचा पाऊस आला की आम्ही दोघे भाऊ तिच्यात शिरून बसत असू. आतला मऊ, तपकिरी भुसा अंगाला चिकटायचा, पण पाण्याचा थेंब आत येत नसे. झाड पोखरले आहे, म्हणून ते पाडावे असे आता घरात ठरत आहे. अशातच अमेरिकेतील जॉन आणि सॅम्युअल प्रिंगल या भावांविषयी वाचले. आजच्या वेस्ट व्हर्जिनियात ते सिकॅमोरच्या ढोलीत सुमारे तीन वर्षे राहिले. हे सिकॅमोर म्हणजे आपला उंबर का? आणि पोकळ झाड इतके तग कसे धरते?

प्रतिसाद १:
उंबर नव्हे. अमेरिकेतील सिकॅमोर हे काश्मीरच्या चिनाराच्या कुळातले, नदीकाठी वाढणारे झाड आहे. हे भाऊ १७६१ मध्ये फ्रेंचांशी युद्ध चालू असताना फोर्ट पिट या ब्रिटिश किल्ल्यातील सैन्यातून पळाले होते आणि पकडले जाण्याच्या भीतीने वस्तीपासून दूर राहत होते. १७६४ मध्ये बकॅनन नदीला टर्की रन हा ओढा मिळतो तिथे त्यांनी ढोलीत बिऱ्हाड केले. शिकारीवर गुजराण चालली. अखेर बंदुकीची दारू दोन बारांपुरती उरली, तेव्हा जॉन डोंगर ओलांडून वस्तीत गेला आणि ज्या युद्धातून आपण पळालो ते केव्हाच संपले आहे, हे त्याला तिथे कळले. मला याच गोष्टीचा सर्वांत जास्त चटका लागतो. पुढे त्यांच्यामागोमाग इतर कुटुंबेही तिथे वसली. मूळ झाड आता राहिलेले नाही.

प्रतिसाद २:
खोडाचा मधला गाभा मृतच असतो. मुळांचे पाणी वर नेणारे लाकूड बाहेरच्या थरांत असते आणि नवे लाकूड सालीच्या लगेच आत तयार होते, त्यामुळे बुरशीने गाभा खाल्ला तरी झाड जगते. उभे राहण्याची ताकद मात्र भिंतीच्या जाडीवर अवलंबून असते: निरोगी लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असावी, असा ठोकताळा आहे, ढोलीचे तोंड फार रुंद असेल तर तेवढीही पुरत नाही. धनेशाची मादी अशाच ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते, तेव्हा घाईने कुऱ्हाड लावू नका. मोहोर येतो का? बुंध्याशी अळंब्या उगवतात का?

प्रश्नकर्ता:
मोहोर भरपूर येतो. अळंब्या कधी पाहिल्या नाहीत. रविवारी कोल्हापूरहून गावी जाऊन बुंध्याचा घेर आणि ढोलीच्या तोंडाशी भिंतीची जाडी टेपने मोजतो. तोवर थांबायला वडील तयार झाले आहेत.