सायबीण घरी येतेय, बाबांना दहा नमो मारिया मराठीत म्हणायच्या आहेत. साष्टीत चालेल का?

नंदाखालची_लेक

नमस्कार. मी मूळची वसईची, नंदाखाल गावची. गेली नऊ वर्षं गोव्यातल्या साष्टीत राहते, मडगावपासून गाडीने पंधरा मिनिटांवर. नवरा मुरगाव बंदरात कामाला आहे. पहिली सात वर्षं भाड्याच्या घरात काढली, मग त्याच वाड्यावर लहानसं घर घेतलं. यंदा सायबिणीच्या यादीत पहिल्यांदाच आमचं नाव लागलंय. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी ती शेजारून आमच्याकडे येईल, रात्री राहील आणि रविवारी संध्याकाळी पुढच्या घरी जाईल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सायबीण म्हणजे मरियामातेची मूर्ती. ती वाड्यावर घरोघर फिरते. लोक मेणबत्त्या घेऊन गात तिच्याबरोबर येतात, घरात तेर्स, म्हणजे जपमाळ होते, लदीन, म्हणजे मरियामातेची गायची प्रार्थना, होते, मग उकडलेले चणे आणि काहीतरी गोडधोड. हे चणे मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ओट्यावर बसून खाल्ले. आता ते माझ्या घरी शिजणार म्हणून रात्री झोप लागत नाही.

माझा प्रश्न बाबांबद्दल आहे. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून ते आमच्याकडेच असतात. वय ७९. जन्मभर केळीची वाडी केली. इथे आले त्या पहिल्या रविवारी मी त्यांना मडगावच्या मोठ्या चर्चला नेलं. हे पवित्र आत्म्याचं चर्च, असं सांगितल्यावर ते पायरीवरच थांबले. म्हणाले, "म्हणजे आपल्याच चर्चचं नाव की." नंदाखालचं चर्चही पवित्र आत्म्याचंच. त्या दिवशी त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला वाटलं, रुळतील हे इथे.

तसं झालं नाही. इथलं सगळं कोंकणीत, उपदेश त्यांना निम्मा कळतो. मिस्सा कुठवर आली ते माणसं कधी उठतात, कधी गुडघे टेकतात यावरून ते ओळखतात. पण सगळे उत्तर देतात तेव्हा यांचे ओठ मिटलेले. गायनाचं पुस्तक रोमी, म्हणजे रोमन लिपीत आणि बाबा मराठी शाळेत शिकलेले. त्यांना ते वाचता येत नाही. गावच्या चर्चमध्ये दुसऱ्या बाकावरून ज्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, तो माणूस इथे मुका होऊन बसतो. हे मला बघवत नाही.

रात्री मात्र ते आईची माळ घेऊन बसतात. लाकडी मणी, झिजून गुळगुळीत झालेले. तिसऱ्या दशकाच्या, म्हणजे दहा मण्यांच्या तिसऱ्या गटाच्या शेवटी कडी तुटली होती, ती आईने तांब्याच्या तारेने बांधली. त्या तारेचं टोक बोटाला लागतं. बाबा तिथे दर वेळी थांबतात, तारेवरून अंगठा फिरवतात आणि मगच पुढे जातात. परवा असेच थांबले आणि म्हणाले, "सायबीण आपल्या घरी येईल तेव्हा एक रहस्य मी सांगू का? मराठीत?"

रहस्य म्हणजे तेर्साच्या पाच भागांतला एक, येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग आठवून म्हटलेल्या दहा नमो मारिया. मी "बघू" म्हटलं आणि तेव्हापासून मला टोचणी लागलीय. स्वतःच्या घरात, आपल्याच आईपुढे प्रार्थना करायला बापाने लेकीची परवानगी मागावी का?

पण भीतीही आहे. मुलगी दोतोर्नीला, म्हणजे चर्चमधल्या धर्मशिक्षणाला जायला लागली तेव्हा एका मुलाने तिला घाटी म्हटलं होतं. तिने घरी येऊन विचारलं, "मम्मी, घाटी म्हणजे काय? आपण तर समुद्राकाठचे ना?" काय सांगणार? वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होती. आमच्या घराण्याचा बाप्तिस्मा त्याच काळातला, आमचं आडनावही पोर्तुगीज. चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज निघून गेले आणि आमचे पूर्वज श्रद्धा धरून तिथेच राहिले. पुढे आमच्या चर्चना गोव्याहून आलेल्या फादरांचा आधार होता. इतकं नातं असूनही वाड्यावर मी मराठीत फोनवर बोलत असले की आवाज आपोआप खाली जातो.

तर सांगा, मराठीत एक रहस्य म्हटलं तर माणसं दुखावतील का? आधी फादरांना विचारू की तेर्स सांगणाऱ्या आजींना? आणि चण्यांबरोबर आमच्याकडची सुकेळी, म्हणजे सुकवलेली राजेळी केळी, ठेवली तर चालतील का? बाबांनी आगाशीहून मागवायचं मनात धरलंय.

फोंड्याचा_मास्तर

ताई, मी हिंदू. ३४ वर्षं मराठी शिकवली. तुमचं लिहिणं वाचून आधी हिला वाचून दाखवलं, मग उत्तराला बसलो.

तुमच्या घरापासून रायतूर फार लांब नसेल. लोक राशोल म्हणतात ते. तिथेच १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. माणूस इंग्लंडचा, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि साष्टीत राहून त्याने येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली. जवळपास ११,००० ओव्या! छापल्या मात्र रोमी अक्षरांत. म्हणजे तुमच्या बाबांना आज जी अडचण येते तिचं मूळही तेवढंच जुनं. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने इथल्या लोकभाषेविरुद्ध फर्मान काढलं, पण ओव्या त्याआधीच लोकांच्या तोंडी बसल्या होत्या.

तेव्हा बाबांना सांगा, साष्टीच्या मातीने मरियामातेचं नाव मराठीत ऐकलेलं आहे. खुशाल म्हणू द्या.

माय_साष्टी

मास्तर, तुमचं सगळं खरं, पण तेर्साला येणाऱ्या बायका १६१६ मनात घेऊन येत नाहीत. त्यांना १६ जानेवारी १९६७ आठवतो. मी तेव्हा लहान होते. आमच्या घरच्या भिंतीवर दोन पानं रंगवली होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं आणि दोन पानं म्हणजे गोवा वेगळा ठेवायचा. ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली आणि आमचे पप्पा अंगणात रडले. पुढे भाषेचं आंदोलन झालं, १९८७ मध्ये राजभाषा कायदा आला. त्या सगळ्या वर्षांत साष्टीत मराठी म्हणजे "आपल्याला गिळायला आलेली भाषा" असं झालं होतं. भाषेचा त्यात काही दोष नाही. मी स्वतः चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले आणि अजून मराठी वाचते. पण बाय, तुझ्या घरात कोणाचा चेहरा आक्रसला तर तो तुझ्या बाबांवरचा राग नसेल, एवढं ध्यानात ठेव.

आता कामाचं. फादरांकडे जायची गरज नाही, हा वाड्याचा तेर्स. आजींकडे जा. फोन करू नकोस, घरी जा, आणि आदल्या दिवशी नको, आत्ताच जा. ऐनवेळी सांगितलं तर त्यांना वाटेल आपल्याला न विचारता ठरवलं.

आणि एक युक्ती. नमान मोरियेचे, म्हणजे तुमच्या नमो मारियेचे, दोन भाग असतात. पहिला सांगणारा म्हणतो, दुसरा बाकीचे. बाबांनी पहिला भाग मराठीत म्हणावा, लोक "भागेवंत मोरिये, देवाचे माये" आपल्या सवयीने कोंकणीत म्हणतील. कोणालाच काही नवीन शिकावं लागणार नाही. आमच्याकडे एकदा मंगळूरची सून होती, तिची कोंकणी आमच्याहून किती वेगळी, तेव्हा आम्ही असंच केलं होतं.

बाबांचं वय ७९ म्हणजे लहानपणी त्यांनी लॅटिन मिस्सा ऐकलेली असणार. आल्तारावर सेवा करायचे का ते विचार. आमच्या वाड्यावर लदीन अजून लॅटिनमध्ये, व्हायोलिनवर होते. तुमच्याकडेही होत असेल तर त्यांना पुस्तक लागणारच नाही.

चणे आदल्या रात्री भिजत घाल, मीठ घालून मऊ शिजव, वर खोबऱ्याचे काप. टेबलावर पांढरी चादर, आणि मूर्ती घरात आहे तोवर दिवा विझू देऊ नकोस. सुकेळी जरूर ठेव.

त्या मुलाने तुझ्या लेकीला जो शब्द वापरला त्याची मला लाज वाटली. तो शब्द मुलं घरात ऐकतात.

मडगांवचो

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. एक रहस्य मराठीत म्हणा, पण तेवढ्यावर थांबू नका. तो एकच दिवस आहे. नंतर ५१ रविवार बाबा परत मुकेच बसतील. मिस्सेतली उत्तरं मोजकी आहेत आणि तीच ती दर आठवड्याला येतात. मी देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून देतो. "आमच्या बापा सर्गींच्या" वाचल्यावर त्यांना कळेल की हे तर आपलंच आहे. निरोप पाठवा, या आठवड्यात तयार करतो. माझ्या आजीला उलट रोमीच वाचता येते. तिचं बघून मला कल्पना आहे, अक्षर ओळखीचं नसलं की माणूस कसा आक्रसतो.

कुंकळ्ळीचा_पोर

आमच्याकडे शांतादुर्गा कुंकळ्ळीकरणीची पालखी फातर्प्याहून कुंकळ्ळीला येते तेव्हा बारा वांगडांच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या छत्र्या निघतात. देवीला सोळाव्या शतकात गाव सोडावा लागला, तरी ती वर्षातून एकदा जुन्या जागी येतेच. त्या वांगडांतली काही घरं आज ख्रिस्ती आहेत आणि त्यांचा मान अजून आहे. मला याचा अभिमान वाटतो. पण हेही खरं की बाहेरून आलेला माणूस शंभर वर्षं राहिला तरी वांगडी होत नाही. तुमचं वाचताना पहिल्यांदा जाणवलं, सायबिणीची यादी घरांवरून होते. तुमचं घर त्या रस्त्यावर आहे, म्हणून ती येते. मला हे फार आवडलं.

नंदाखालची_लेक

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. सायबीण येऊन गेली. कसं झालं ते लिहायचं ठरवलं होतं.

आजींकडे दुसऱ्याच दिवशी गेले. सगळं ऐकून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मला वाटलं, झालं. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय?" सांगितलं. म्हणाल्या, "तिसरं मिस्तेर तुझ्या पायचं. तुझ्या मायच्या नावाने म्हणूंदे." म्हणजे तिसरं रहस्य बाबांचं, आईच्या नावाने.

तिसरं त्यांनी सहज म्हटलं. तारेचं मी त्यांना काहीच बोलले नव्हते.

शनिवारी ३१ माणसं आली. दोन घरांतून खुर्च्या आणल्या तरी मुलं जमिनीवरच बसली. आनंदाची रहस्यं होती. तिसरं आलं आणि बाबा उठून उभे राहिले. "नमो मारिया, कृपापूर्णे..." आवाज कापत होता. त्यांचा भाग संपला आणि खोलीत एकदम शांत. कोणाला कुठून धरावं ते कळेना. तेवढ्यात आजी एकट्याच म्हणाल्या, "भागेवंत मोरिये." दुसऱ्या वेळी चारपाच आवाज. चौथ्यापर्यंत सगळी खोली. पाचव्याला बाबांचा आवाज स्थिर झाला, तो त्यांचा गावचा आवाज होता. मी दोन वर्षांनी ऐकला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात चण्यांचा झारा, तो खाली ठेवायचंही सुचलं नाही. दहावी नमो मारिया झाली, अंगठा तारेवर फिरला आणि ते बसले.

माय_साष्टी, तुमचा लॅटिनचा अंदाज अगदी बरोबर निघाला. बाबा दहा वर्षांचे असल्यापासून आल्तारावर सेवा करायचे. लदीन सुरू झाली तसे पुस्तकाशिवाय "ओरा प्रो नोबिस" म्हणू लागले, तेही खालच्या सुरात. व्हायोलिन वाजवणाऱ्या काकांनी मान वळवून पाहिलं आणि पुढच्या ओळीपासून वाजवायचा वेग थोडा कमी केला, बाबांच्या दमाला झेपेल इतका.

सुकेळी एकही उरली नाहीत. दोघांनी राजेळीची रोपं मागितलीत. बाबांनी दोघांच्याही परसात जाऊन माती बघून यायचं कबूल केलंय.

मडगांवचो, तुमचे कागद बाबांनी उशाशी ठेवलेत. "सर्वेस्पोर" (सर्वशक्तिमान) म्हणताना अजून अडखळतात.

एक गोष्ट राहिली. रविवारी संध्याकाळी सायबीण निघाली तेव्हा मी बाबांना म्हटलं, दमला असाल, घरी थांबा. त्यांनी चपला आधीच घातल्या होत्या. मेणबत्ती हाताच्या आडोशाला धरून ते चालत गेले. पुढच्या घरी टेबलावर मूर्ती ठेवली, माणसं बसली, तेर्स सुरू करायच्या आधी त्या घरच्या बाईंनी वळून विचारलं, "अंकल, आज तुमचें मिस्तेर खंयचें?"

रविवार होता, गौरवाची रहस्यं. बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. "तिसरं," म्हणाले. "पवित्र आत्म्याचं."