लाल गांडुळं उसात सोडली आणि गायब झाली, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात असेल तर ॲडमिननी हलवावा.

झालं असं की दिवाळीनंतर गोठ्यामागे १० बाय ३ चा गांडूळखताचा बेड टाकला, २ किलो लाल गांडुळं आणली (ती आयसेनिया फेटिडा), शेणातली गरमी जाईपर्यंत थांबलो, बेड मस्त चालू झाला. मग माझ्या डोक्यात किडा वळवळला, म्हटलं खत कशाला वाहत बसायचं, गांडूळच सोडू की उसात! चार घमेली सोडली. महिन्याभराने उकरून बघतो तर एक नाही.

आणि बांधावर, जिथे कुणी काही घालत नाही, तिथे आत्ता पावसात देशी गांडुळांच्या विष्ठेचे ढीग, बारीक शेव पाडल्यासारखे. त्यातली एक वाळलेली गोळी आणि उसातलं ढेकूळ दोन ग्लासात पाण्यात टाकलं. चहा होईपर्यंत ढेकळाचा चिखल, गोळी सकाळीही तशीच.

तर लाल गांडूळ रानात जगतच नाही का? आणि माती गांडूळ बदलतं की त्याच्या पोटातले जिवाणू? जिवाणू असतील तर मी खत उन्हात खडखडीत वाळवून चाळतो, ते चुकतंय का?

बांधकरी:
भाऊ, लाल गांडूळ उकिरड्यावरचं, त्याला कुजकं शेण, पाला लागतो, नुसत्या मातीत उपाशी मरतं. बांधावरचं आहे ते माती गिळणारं. दात नाहीत, पेषणीत (पोटातल्या दळणाऱ्या पिशवीत) वाळूच्या कणांनी दळण होतं, कोंबडी खडे खाते तसंच. पुढे आतड्यात पाणी आणि चिकट स्राव मिसळतो, त्याने मातीत झोपलेले जिवाणू जागे होतात आणि गांडुळाला एकट्याला पचत नाही ते फोडून देतात. म्हणजे काम दोघांचं. ताज्या विष्ठेत अमोनियाच्या रूपातलं नत्र भरपूर, स्फुरदही (फॉस्फरस) पिकाला उचलता येईल असं. तो स्राव आणि जिवाणूंचा डिंक कण धरून ठेवतो, म्हणून तुमची गोळी टिकली. खत सावलीत चाळा, मुठीत दाबलं की ओल लागावी पण पाणी गळू नये. आणि पाचट (उसाचा वाळलेला पाला) जाळता का? ते कुजून मातीत मिसळलं की देशी गांडुळाचं जेवण तेच, मातीबरोबर गिळतं.

धागाकर्ता:
जाळलं होतं, खोटं कशाला बोलू. यंदा खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) सरीतच ठेवतो. पण वडील म्हणतात पाचटात उंदीर होतात, त्याला तुम्ही काय करता?